खालूबाजाचा नवा आवाज

आमच्या बाजाने आवाज का बदलला, असं मला हल्ली वरचेवर विचारतात. महाडच्या एसटी स्टँडवर विचारतात, बाजारात वांगी निवडताना विचारतात. एकदा एका मयतीला गेलो होतो, तिथं मयताच्या थोरल्या मुलाने डोळे पुसून झाल्यावर विचारलं. कॉलेजातले एक प्राध्यापक तर घरी आले. त्यांना परंपरा आणि आधुनिकता यांच्यातल्या संघर्षाविषयी ऐकायचं होतं. मी त्यांना चहा दिला आणि संघर्ष झाला असं सांगितलं. ते समाधानाने गेले.

खरं कारण दात आहे. दादाचे पुढचे दात गेले म्हणून आवाज बदलला. पण दातांवर कोणी प्रबंध लिहीत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ आणि आमच्या बाजाची सनई. आमचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की चढावर. आमच्याकडे लग्नाला, हळदीला आणि शिमग्यात देवीच्या पालखीपुढे जे वाजतं त्याला खालूबाजा म्हणतात. एक सनई, दोन ढोल, एक टिमकी, एक झांज. एवढाच सरंजाम. मी मोठा ढोल वाजवतो. पोटासाठी पोस्टात होतो, आता निवृत्त आहे. ढोलातून निवृत्त करायला मात्र अजून कोणी हार घेऊन आलेलं नाही.

पूर्वी, कॅसेटच्या काळात, आमची एक कॅसेट निघाली होती. महाड आणि पोलादपूर, दोन्ही तालुक्यांत खपली. मुंबईला गेलेले आमचे लोक ती ऐकून रडायचे, असं कानावर यायचं. इथले लोक रडत नसत, कारण इथे आम्ही प्रत्यक्षच वाजवत होतो. कॅसेटच्या कव्हरवर दादाचा फोटो होता, सनई तोंडात आणि गाल फुगलेले. आम्ही बाकीचे त्याच्या मागे उभे होतो, पण फोटो कव्हरवर मावेना म्हणून आमची डोकी कापली गेली. ढोल मात्र पूर्ण दिसत होता. त्यावरून माझी बायको मला ओळखायची.

याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आमच्याकडे सनई म्हणजे दादाच. तो सुरुवात करायचा आणि आम्ही त्याच्यावर पडायचो, म्हणजे नेमक्या जागी आमचा ठोका पडायचा. कधी पडायचं हे मला कोणी शिकवलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. पोस्टात सगळं लिहून मागायची सवय, पण ढोलाच्या बाबतीत मी लेखी काही मागितलेलं नाही.

आमच्या पालखीची एक रीत आहे. पालखीच्या पुढे फक्त वाजवणारे चालतात. बाकी सगळं गाव मागे. सरपंच मागे, मुंबईचे बंगलेवाले मागे, पोलीस पाटील मागे. पुढे चालायचं तर हातात वाद्य हवं. दादा तरुण असल्यापासून पुढे चालत आलाय. त्याची जमीन आमच्या सगळ्यांपेक्षा कमी, घर सगळ्यांत लहान, शिक्षण चौथी. पण शिमग्यात अख्खं गाव त्याच्या पाठीकडे बघत चालतं. त्या पाठीसाठी तो नवीन सदरा शिवायचा. पुढून जुना असला तरी चाले, असं वहिनी म्हणायची.

त्याच्या दातांचं असं झालं की काही आपोआप गेले, काही डॉक्टरने काढले आणि जे मोक्याचे दोन उरले होते ते दासगावच्या चिंबोरीने, म्हणजे खेकड्याने, नेले. आमच्या एका पाहुण्याने दासगावहून चांगल्या भरलेल्या चिंबोऱ्या आणल्या होत्या. नांगी फोडायला वरवंटा ठेवला होता. दादाने वरवंट्याकडे बघितलं आणि नांगी दातात धरली. आवाज झाला. आम्हाला वाटलं नांगी फुटली.

सनई ओठांनी वाजते हे खरं, पण ओठांना मागून आधार दातांचा लागतो. आधार गेला की सनईच्या तोंडाच्या पत्तीत हवा शिरायच्या ऐवजी बाजूने निघून जाते. महाडच्या दातांच्या डॉक्टरने कवळी करून दिली. कवळी सुंदर होती. त्या कवळीत दादा नवरदेवासारखा दिसायचा, असं वहिनी म्हणाली आणि वर म्हणाली की खऱ्या नवरदेवाचे दात असे कधी नव्हते.

पुढच्याच लग्नात दादाने सनई लावली, दोन सूर बरे निघाले, तिसऱ्याला त्याने जोर केला आणि सनई तोंडातून काढली तर वरची कवळी पत्तीला धरून बाहेर आली. वरातीतल्या लोकांना हा काही नवीन प्रकार वाटला. एकाने शिट्टीही मारली. दादाने कवळी खिशात टाकली आणि उरलेल्या वरातीत नुसती सनई तोंडाला लावून चालत राहिला. सूर निघत नव्हता. मी ढोल जोरात वाजवला. दुसरं काय करणार? वाजवून झाल्यावर माझा हात सुजला होता.

परतीच्या जीपमध्ये तो खिडकीशी बसला होता. पोलादपूरचा नाका आला तेव्हा म्हणाला, "सनई सुटली म्हंजे मी पालखीच्या मागं."

"कवळी घट्ट करून घे," मी म्हटलं.

"मागं काय करतात रे?"

"चालतात."

"नुसते?"

"नुसते."

तो पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. मला तेव्हा त्याची इतकी दया आली की मी त्याच्यावर रागावलो आणि म्हटलं, वरवंटा समोर होता ना रे, वरवंटा!

आणि नेमक्या याच वेळी मुंबईच्या मंडळाला आमचा नवीन अल्बम हवासा वाटला. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आमच्या गावचे मुंबईत जे लोक आहेत त्यांचं मंडळ आहे. जुन्या कॅसेटवर वाढलेली मुलं आता त्या मंडळात मोठी झाली होती. त्यांच्या सेक्रेटरीचा फोन आला. "काका, शिमग्याच्या आधी यूट्यूबवर टाकू. सेम जुनं नको. लोकांना क्लासिक पण पायजे आणि फ्रेश पण पायजे." मी म्हटलं, दोन्ही होईल. फोनवर मला नाही म्हणता येत नाही. समोरासमोर येतं.

गावात बैठक झाली. सनईशिवाय अल्बम करायचा की नाही? आणि अल्बमचं सोडा, शिमग्यात पालखीपुढे काय वाजणार? खोऱ्यात दुसरा सनईवाला नाही. खेडकडे एक आहे, पण पालखीपुढे परगावच्या माणसाने वाजवलेलं चालत नाही. शेवटी आमच्याकडे अडलं की जे करतात ते केलं. देवीला कौल लावला.

कौल म्हणजे गुरव देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओली फुलं चिकटवतो, गावकार गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि कुठलं फूल आधी पडतं ते सगळे श्वास रोखून बघतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. एका गोष्टीसाठी एकदाच विचारायचं. देवी ही काही चौकशी खिडकी नाही.

गावकार म्हणजे गावातला मानाचा म्हातारा. त्यांनी हात जोडून खणखणीत आवाजात विचारलं, "आई, औंदा तुज्या पालखीपुढं सनई वाजावी का नाय? उजवी दे."

उजवं फूल टपकन पडलं. लोकांनी आनंदाने घंटा वाजवली. दादाचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "बघ! देवीला हवी हाय." मलाही बरं वाटलं. देवळाच्या पायऱ्या उतरताना मात्र टिमकीवाल्याने विचारलं, "पण वाजवणार कोण?"

सगळे पायरीवर थांबले. ते विचारायचं राहिलं होतं. दादा वाजवील का, कोण वाजवील, कशी वाजवील, यातलं काहीच विचारलं नव्हतं. वाजावी का एवढंच विचारलं आणि देवीने तेवढ्याचंच उत्तर दिलं. आता पुन्हा विचारता येईना आणि सनई तर वाजलीच पाहिजे. सनई नाही वाजली तर देवीचा शब्द मोडला. गावकार म्हणाले, "चूक झाली." आमच्या गावकारांच्या तोंडून हे शब्द मी प्रथमच ऐकले. त्यामुळे परिस्थिती गंभीर आहे हे माझ्या लक्षात आलं.

या अडचणीतून आम्हाला दादाच्या जावयाने काढलं. जावई डोंबिवलीला असतो, आठवडाभर कुरिअरच्या ऑफिसात काम करतो आणि शनिवार-रविवारी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. स्वभावाने इतका गरीब की पहिल्या दिवाळसणाला आला तेव्हा त्याने स्वतःचं ताट स्वतः घासलं आणि वहिनी दोन दिवस रडली. त्याच्या कीबोर्डवर सनईचं बटण होतं. ते दाबलं की सनई.

पुन्हा बैठक. या वेळी मुद्दा असा की बटणाची सनई ही सनई धरायची का?

"आवाज सनईचा हाय ना?"

"हाय."

"मग सनई हाय."

"पण सनई कुठाय? दिसत नाय."

"देवी तरी कुठं दिसते?" असं कोणीतरी मागून म्हणालं आणि त्याला सगळ्यांनी गप्प केलं.

गुरवाला विचारलं. त्याने विचार करून सांगितलं, "देवीनं वाजावी म्हणून सांगितलंन. कशातनं ते तुम्ही इचारलं नाय नि तिनं सांगितलं नाय." हा निर्णय इतका सोयीचा होता की कोणी त्यावर वाद घातला नाही. राहिला प्रश्न जावई परगावचा असल्याचा. त्यावर अर्धा तास खल झाला. जावई परगावचा असतो हे खरं, पण जावयाला नाही म्हणायची सोय नसते हेही खरं. दुसरं खरं पहिल्याला भारी पडलं.

या सगळ्या वेळात दादा भिंतीला टेकून बसला होता. आपल्या जागी आपलाच जावई येतोय, तेव्हा त्याला चिडताही येईना. जावयासमोर चिडणं आमच्यात बसत नाही. तो एवढंच म्हणाला, "जावयबापू, तुमचे दात कसे हायत?" जावई म्हणाला, चांगले आहेत मामा. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. दादा म्हणाला, "सांभाळा."

रेकॉर्डिंग महाडला झालं. एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत एकाने खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून स्टुडिओ केलाय. लग्नाची गाणी, निवडणुकीची गाणी आणि भजनं तिथेच होतात. रेकॉर्डिंगवाला चांगला माणूस होता, पण त्याला सगळ्यांना 'लेजंड' म्हणायची सवय होती. चहावाल्यालाही म्हणाला.

दादाने आम्हाला कोणाला न सांगता पिशवीतून सनई आणली होती. सुरू करायच्या आधी तो म्हणाला, एकदा बघू या. कवळी काढून रुमालात ठेवली, पत्ती ओली केली, डोळे मिटले आणि फुंकली. हवेचा आवाज आला. पुन्हा फुंकली. मध्येच कुठेतरी एक सूर आल्यासारखा झाला आणि गेला. रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून माइकवर म्हणाला, "काका, हवा लीक होतेय." त्यात त्याची काही चूक नव्हती, होतच होती. पण तो आवाज खोलीतल्या चारही स्पीकरमधून आला आणि मला त्या माणसाच्या तोंडावर ढोल फेकावासा वाटला.

दादाने सनई पुसली, फडक्यात गुंडाळली आणि कवळी घातली. "चालू दे," म्हणाला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. काचेतून त्याची पाठ दिसत होती.

जावयाने सुरुवात केली. मशीनची सनई अगदी स्वच्छ वाजली. कुठे चिरकणं नाही, घसरणं नाही. आणि मी चुकलो. ढोल मागे पडला. पुन्हा घेतलं, पुन्हा मागे पडलो. मी म्हटलं, हेडफोन बरोबर नाही. हेडफोन बदलला. मग म्हटलं, स्टूल हलतंय. स्टूलही बदललं. नाचता येईना अंगण वाकडे, हे सगळ्यांच्या मनात होतं आणि माझ्याही होतं. एवढी वर्षं वाजवतोय, झोपेतही चुकलो नसतो, आणि इथे सनई सुरू होऊन पुढे गेल्यावर मला कळत होतं की अरे, ही सुरू झाली.

शेवटी रेकॉर्डिंगवाला येऊन माझ्यामागे उभा राहिला आणि दर वेळी पडायची जागा आली की माझ्या खांद्यावर थाप मारायला लागला. "होतं काका, वय झालं की," असं तो समजुतीने म्हणाला. पोस्टात असताना कुत्री चावली तेव्हाही मला इतका राग आला नव्हता. पण थापेवर मी पडत गेलो आणि काम झालं. थाप लागल्यावर हात उठेपर्यंत जो किंचित वेळ जायचा तेवढा ढोल मागे राहिला. एका गाण्यात तर बारकाईने ऐकलं तर डेपोतल्या लाउडस्पीकरवरची घोषणाही ऐकू येते. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, राहू दे, अ‍ॅटमॉस्फिअर आहे.

अल्बम मुंबईच्या मंडळाने यूट्यूबवर टाकला आणि लोक खुळे झाले. जुन्या कॅसेटची पुण्याई होतीच. खाली लोकांनी लिहिलं की या वयात एवढा बदल करायला छाती लागते. सनईला म्हणे 'मॉडर्न टच' दिलाय. एकाने लिहिलं, ढोल मुद्दाम थोडा मागे ठेवलाय, काय फील आहे! दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं की हे समजायला कान लागतात. एक माणूस फक्त त्या डेपोच्या घोषणेवर फिदा होता. त्याच्या मते त्यात स्थलांतराचं दुःख होतं. माझ्या माहितीप्रमाणे त्यात पोलादपूरची गाडी उशिरा सुटणार एवढंच होतं.

दादाने अल्बम माझ्या फोनवर ऐकला. पूर्ण ऐकला. मग म्हणाला, "जावयानं चांगलं वाजवलान." फोन परत देत म्हणाला, "तू कशाला मागं पडतोस रे?" वय झालं, म्हटलं.

शिमगा आला. पालखी देवळाबाहेर काढली, रुपी लावली, म्हणजे देवीचे चांदीचे मुखवटे. पुढे टेम्पो, टेम्पोत जनरेटर, दोन स्पीकर आणि कीबोर्डपाशी जावई, पांढऱ्या सदऱ्यात, घामाघूम. टेम्पोच्या आणि पालखीच्या मधे आम्ही ढोल, टिमकी, झांज. माझ्या डाव्या हाताला दादाची जागा. ती मोकळी होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण तिथे कोणी उभं राहिलं नाही.

दादा मागे होता. मी वळून बघितलं तर गर्दीत त्याची टोपी दिसली. सदरा नवा नव्हता. तो सरपंचाच्या आणि कुठल्याशा पाहुण्याच्या मधे उभा होता आणि हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. एकदा मागे बांधले, एकदा पुढे बांधले, मग सोडून दिले. मी पुढे तोंड केलं.

जावयाने सुरू केलं. पालखीवाले पहिल्या ठोक्यावर पाय उचलतात. ठोका आला नाही. कोणी सनईवर पाय उचलला, कोणी ढोलाची वाट बघत राहिला आणि पालखी एका अंगावर गेली. आतला नारळ घरंगळत काठाशी आला. बायका ओरडल्या. जावयाने घाबरून बंद केलं. पुन्हा सुरू केलं. इथे खांद्यावर थाप मारायला कोणी नव्हतं. मी पुन्हा मागे पडलो आणि या वेळी पुढचा एक खांदेकरी गुडघ्यावर आला. गावकार म्हणाले, "देवी कोपली." एकजण म्हणाला, देवी कसली कोपते, ढोलवाला म्हातारा झाला. ते मी ऐकलं. मला वाटलं की आता ढोल उतरवून खाली ठेवावा आणि आपणही मागे जाऊन दादाशेजारी उभं राहावं. दोघं मिळून नुसते चालू.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि दादा पुढे आला. पालखीच्या दांड्याखालून वाकून सरळ आला आणि माझ्या डाव्या हाताला, आपल्या जागेवर, येऊन उभा राहिला. तो मला शिवी देणार हे मला कळलं. लहानपणापासून त्याच्या शिव्या खातोय. बिचाऱ्या जावयाला वाटलं की पुन्हा सुरू करायचं आणि त्याने बोटं पट्ट्यांवर ठेवली.

दादाने शिवी देण्यासाठी नाकातून भरून श्वास घेतला आणि माझा हात पडला.

मी पाडला नाही, तो पडला. जावयाचा पहिला सूर आणि माझा ठोका एकावर एक आले. माझ्यावर दुसरा ढोल आला, त्यावर टिमकी, आणि पालखीवाल्यांचे पाय एकदम उचलले गेले. पालखी हलली आणि चालायला लागली. शिवी दादाच्या तोंडात तशीच राहिली.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. सनईच्या पहिल्या सुराआधी दादा नाकातून श्वास घ्यायचा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशिवाय तो कोणाला ऐकू जात नाही आणि तो शेजारचा माणूस आयुष्यभर मी होतो. मी समजत होतो की मी सनईवर पडतो. सनईवर मी कधी पडलोच नव्हतो. मी दादावर पडत होतो. बटणाच्या सनईला श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळे ती कधी सुरू होणार हे मला कळायला मार्गच नव्हता.

मी दादाकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. पहिली चाल संपून पालटायची वेळ आली तसा त्याने पुन्हा श्वास घेतला, या वेळी मुद्दाम, खांदे उचलून, सनई वाजवताना घ्यायचा तसा. मी पडलो. बरोबर पडलो. जनरेटरच्या घरघरीत मला तो ऐकू आला की नुसते खांदे दिसले, हे मला सांगता येणार नाही. जावईही आता वळून मामांच्या खांद्याकडे बघत वाजवायला लागला होता.

पालखी घरोघर जाते, त्यातलं पहिलं घर झालं. पालखी खाली ठेवली, आरती झाली, उठताना गावकार दादापाशी आले. रीत ती रीत. म्हणाले, "पुढं चालायचं तर हातात वाद्य लागतं. तुज्या हातात काय हाय?"

दादाने आपल्या हातांकडे बघितलं. काही नव्हतं. तो मागे जायला वळला. मी त्याचा सदरा मागून धरला. म्हटलं, "हा मागं गेला तर मी ढोल ठेवतो. मग सनई वाजवा नाय तर काय पण वाजवा." माझा आवाज फुटला. लोकांसमोर मी असा कधी बोललो नव्हतो आणि बोलतानाच माझे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता, एकात ढोलाचं टिपरू आणि एकात दादाचा सदरा.

गावकारांनी माझ्याकडे बघितलं, पालखीकडे बघितलं, गुरवाकडे बघितलं. गुरव दुसरीकडेच बघत होता. मग ते म्हणाले, "चला, ऊन होतंय."

त्या दिवशी दादा प्रत्येक घरापर्यंत माझ्या शेजारून चालला. रिकाम्या हाताने, खांदे वर-खाली करत. बाहेरून शिमग्याला आलेल्या एका पाहुण्याने विचारलंही की या आजोबांना दम्याचा त्रास आहे का. शेवटची वाडी चढावर आहे. तिथवर येता येता त्याचे पाय लटपटायला लागले, सदरा घामाने पाठीला चिकटला. टेम्पो हळू झाला आणि जावयाने वरून हात पुढे केला.

"मामा, वर येऊन बसा. फार थकलात."

दादाने त्याच्याकडे वैतागून बघितलं. जावयासमोर चिडायचं नसतं हे तो त्या क्षणी साफ विसरला.

"बसू कसा?" तो म्हणाला. "वाजवतोय नाय का मी?"